अमेरिकेत आधी राज्यं की आधी देश? डोक्याचा पार भुगा झालाय

दादर_अभ्यासिका: टीवायबीएला आहे, पेपर तोंडावर आलाय. आपल्याकडे 1960 ला संसदेने कायदा करून मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात केले, कलम 3 मध्ये राज्याचं फक्त मत मागवतात, संमती लागत नाही, इथपर्यंत ठीक. मग अमेरिकेची काँग्रेस टेक्सासचे दोन तुकडे का करू शकत नाही? संघराज्य दोन्हीकडे आहे ना?

मुलुंडकर: कारण तिकडे राज्यं आधी आणि केंद्र मागाहून आलं. 1781 ला लागू झालेल्या पहिल्या करारात काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचा, दिले तर दिले. आयात मालावर 5 टक्के जकात लावू म्हणाले तर त्याला सगळ्या तेरा राज्यांचा होकार हवा, एवढ्याशा ऱ्होड आयलंडने 1782 ला नकार दिला आणि सगळं बारगळलं. वर न्यूयॉर्क आपल्या बंदरात उतरणाऱ्या मालावर जकात घ्यायचं आणि भुर्दंड न्यू जर्सी, कनेक्टिकटच्या गिऱ्हाइकाला. माझ्या वडिलांचा टेम्पो होता, 2017 ला जकात गेली त्याआधी कापडाचे तागे भरलेली गाडी नाक्यावर लावून आम्ही दोघं पावती मिळेपर्यंत केबिनमध्येच झोपायचो, त्यामुळे हे वाचताना लगेच डोळ्यापुढे आलं. म्हणून 1787 ला फिलाडेल्फियात बसून नवी घटना केली, केंद्राला कर, सैन्य, राज्याराज्यांतला व्यापार असं मोजून दिलं, आणि 1791 च्या दहाव्या दुरुस्तीत लिहूनच टाकलं की उरलेलं राज्यांचं आणि जनतेचं. राज्य तोडायचं तर त्याच्या विधिमंडळाची संमती हवीच, तिकडच्या घटनेचं कलम 4 बघ.

फोर्टातला_वकील: मुलुंडकरांनी बरोबर सांगितलंय. माझी सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची, तरी मी दिल्लीत उभा राहू शकतो. तिकडे वकिलीचा परवाना राज्यागणिक वेगळा, फौजदारी कायदाही प्रत्येक राज्याचा आपापला. आपल्याकडे उरलेले अधिकार कलम 248 ने केंद्राकडे, म्हणजे बरोबर उलटं. आणि सिनेट विसरू नकोस, कॅलिफोर्नियाचे दोन, वायोमिंगचेही दोनच, इथे राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 आणि गोव्याचा एक.

परळची_ताई: अरे पण राज्यांच्या हक्कांचं एवढं कौतुक नको. त्याच 1787 च्या घटनेत गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरलं होतं, म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर दक्षिणेच्या जागा वाढल्या, आणि पुढे गुलामी वाचवायलाच राज्यं फुटून निघाली. 1869 ला सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्याच खटल्यात सांगितलं की राज्याला एकतर्फी बाहेर पडता येत नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटनासभेत हेच आधीच स्पष्ट करून ठेवलं, आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही म्हणून कुणाला फुटायचा हक्क नाही. हे उत्तरात लिहीच.

दादर_अभ्यासिका: थँक्यू ताई, लिहितो. पण मग 1863 ला व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया निघालं ते कसं?

फोर्टातला_वकील: व्हर्जिनिया फुटल्यावर तिथल्या संघनिष्ठ लोकांनी व्हीलिंगला वेगळं सरकार बसवलं आणि वॉशिंग्टनने तेच खरं मानलं, त्याच सरकारच्या विधिमंडळाने संमती दिली. यादवी चालू होती रे, तरी संमतीचा कागद केल्याशिवाय पुढे जाता आलं नाही.