पांढरीचं टेकाड सगळं खोदायचं की कोपराच? गावात दोन गट पडलेत

वर्धाकाठचा
राजेहो, विषय असा आहे. आमच्या गावाला लागून नदीच्या थडीवर पांढरीचं, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे, दोन-अडीच एकराचं. लहानपणी तिथली खापरं घासून ठिकऱ्या करायचो, एवढाच आमचा अन् त्याचा संबंध. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी जेसीबी लावून एका बाजूची माती नेली आणि दीड पुरुष उंच उभी भिंत सोडली. पावसानं ती धुतली गेली अन् मग जे दिसलं ना! सगळ्यात खाली नुसती काळी माती, त्यावर वीतभर राख, मग चोपून केलेली पिवळी भुई, भुईवर चुलीनं भाजलेला लालबुंद डाग, पुन्हा राख, पुन्हा भुई. मी अशा पाच भुया मोजल्या. एकेका भुईत कागदासारखे पातळ पापुद्रे, आमची आजी दर पोळ्याला घर सारवायची तसे. कॉलेजात पुरातत्त्व शिकवणारे एक सर येऊन पाहून गेले, म्हणाले वरची काळी-तांबडी खापरं लोहयुगातली वाटतात, खालची त्याच्याही आधीची असू शकतात.

आता गावात ठरून राह्यलं की पत्र देऊन सगळं टेकाड खोदून घ्यायचं अन् म्युझियम करायचं. माझा विरोध आहे. एक कोपरा खोदा, बाकीचं झाकून ठेवा, कारण खोदकाम एकदाच होतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीवर, 1968 ते 1983 एवढी वर्षं चांगलं काम झालं, पण तेव्हा हाडातून डीएनए काढता येईल हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. कार्बनवरून वय काढायला तेव्हा मूठभर कोळसा लागायचा, आता जवाचा एक जळका दाणा पुरतो. अजून पन्नास वर्षांनी काय निघेल काय माहीत.

पऱ्हाटीवाला
भाऊ तुम्ही ठेवा ठेवा म्हणून राह्यले, पण ठेवून राहीन कोन? माह्या आज्यापासून आम्ही पांढरीची माती वावरात टाकतो, राख-शेण-हाडं सगळं मुरलेलं असते तिच्यात, पऱ्हाटी डेरेदार येते. चोरी नाई केली कोणी, साऱ्या गावानं नेली. आता अर्धं टेकाड तं गेलंच. तुमचे नातू येईपर्यंत उरलेलंही जाते. खोदायचं तं आत्ता सगळं खोदा, नाई तं आमच्या वावरात येऊ द्या.

जुनी_गढी
मी याच विषयात एमए करतेय आणि धागाकर्त्याशी अजिबात सहमत नाही. कोपऱ्यातल्या उभ्या खड्ड्यातून फक्त कोणाच्या आधी कोण एवढं कळतं, गाव कळत नाही. इनामगावचंच उदाहरण घेतलंत ना, मग पूर्ण घ्या. तिथं आडवं, म्हणजे मोठी जागा एकदम उघडून खोदलं म्हणून शंभराच्या वर घरं मिळाली, म्हणून वस्तीच्या मधलं पाच खोल्यांचं घर अन् शेजारचं धान्याचं कोठार एकत्र दिसलं. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरायची तिथं पद्धत होती, पण त्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसवलेला एक माणूस सापडला, त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा हा अंदाज सगळं एका नकाशात आलं म्हणून बांधता आला. पाच बाय पाचच्या खड्ड्यात काय आलं असतं? एक रांजण, बस.

आणि आपल्या विदर्भात तर उलटंच आहे. इंग्रजांच्या काळापासून दगडांची वर्तुळं, म्हणजे लोहयुगातली दफनं उकरतायत, जुनापाणी झालं, माहूरझरी झालं. मेलेल्यांचे मणी, कुऱ्हाडी, घोड्यांचे दागिने सगळं माहीत. ते लोक राहायचे कसे हे सांगणाऱ्या वस्त्या त्या मानानं कमी खोदल्या. खाप्याला वर्तुळं अन् टाकळघाटला वस्ती, अशी जोडी हाताशी लागली की किती कळतं बघा. नायकुंडला ख्रिस्तपूर्व 700 च्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी निघाली, ती वस्तीत हात घातला म्हणूनच ना?

वर्धाकाठचा
ताई मुद्दा मान्य, आडव्या खोदकामाला पर्याय नाही. पण आडवं म्हणजे सगळं नाही. तुर्कस्तानातलं चाताल्होयुक बघा, नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती, घरावर घर बांधत अठरा थर, टेकाड वीसेक मीटर उंच. साठच्या दशकात चार हंगामांत धडाधड खोदलं, मग 1993 पासून पंचवीस वर्षं दुसरी टीम हळूहळू खोदत बसली, तरी बहुतेक टेकाड अजून तसंच आहे.

दुसरं, खोदल्यावर माल ठेवणार कुठं? मी एका जागी (नाव नाही घेत) खापरांची पोती रचलेली पाह्यली आहेत. एकाचं तोंड सोडलं तर आतली चिठ्ठी वाळवीनं खाल्लेली. आता ते खापर कोणत्या थरातलं, देवालाच माहीत. जमिनीत होतं तोवर त्याला निदान पत्ता होता.

जुनी_गढी
चिठ्ठी वाळवीनं खाल्ली हे खोदकामाविरुद्ध कारण नाही, निष्काळजीपणाविरुद्ध आहे. आणि जमिनीतला पत्ता किती टिकतो ते तुमच्या जेसीबीनं दाखवलंच की.

उंबरठा
मी इथं सून म्हणून आले, आमचं घर टेकाडाला लागूनच आहे, घरकुलाचा पहिला हप्ता आलाय. माझा साधा प्रश्न, हे खोदलं तर आमचं बांधकाम बंद का? शेजारच्या तालुक्यात म्हणे 100 मीटरमध्ये वीट लावू देत नाहीत.

जुनी_गढी
नुसतं खोदल्यानं तो नियम लागत नाही. केंद्रानं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केलं तर 100 मीटरपर्यंत बांधकाम बंद आणि त्यापुढं 200 मीटर परवानगी घेऊन. पण तुमची भीती खोटी नाही, पत्र द्यायच्या आधी ग्रामसभेत हे बोलायलाच पाहिजे.

उंबरठा
ग्रामसभेत आम्हाला बोलू कोण देते. आणि पाया खांदताना दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावलेली, सासूबाईंनी हळदकुंकू वाहून परत पुरली. काय असेल ते?

जुनी_गढी
अरे देवा. आत काही होतं का?? इनामगावला लहान लेकरं अशीच पुरायचे, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, घराच्या भुईखाली. तुमच्याकडं तेच असेल असं नाही म्हणत, पण आता उकरू नका प्लीज. आहे तसं राहू द्या.

वर्धाकाठचा
बघा, आता कोण म्हणतंय राहू द्या 😄

पऱ्हाटीवाला
भांडा तुम्ही. पन त्या कापलेल्या भिंतीचं काय? अजून एक पावसाळा अन् ती बसते खाली.

वर्धाकाठचा
हे मात्र खरं बोलला. रविवारी सकाळी सातला जमू, ऊन चढायच्या आत. भिंत खुरप्यानं हलकी खरवडून, पाणी फवारून, टेप लावून थराथराचे फोटो अन् नकाशा तरी करून ठेवू, सरही येतो म्हणाले. पाणी मारलं की थर उठून दिसतात. पंप आहे का कोणाकडं?

पऱ्हाटीवाला
माह्याकडं हाय, फवारणीचा.

जुनी_गढी
तीन पाण्यानं धुवून आणा दादा, औषधाचा थेंबही नको त्या मातीत. मीही येते.

पऱ्हाटीवाला
धुवून आणतो. पन एक ट्रॉली माती मी नेईन, आत्ताच सांगून ठेवतो.

वर्धाकाठचा
जेसीबीनं खाली पाडलेल्या ढिगातली ने. चाळून.