टाचेत स्टेम सेल टोचायच्या, की गपचूप टाचा उचलायच्या?

डोंगरवेडा
चार महिने झाले, अकिलिस टेंडन (पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारी ती जाड दोरी) धरलंय. सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली दहा पावलं भिंतीच्या आधाराने. साताऱ्याची हिल मॅरेथॉन गेली, पावसाळी ट्रेकही गेले. मागच्या आठवड्यात एका क्लिनिकने स्टेम सेल (ज्यांच्यापासून शरीरात नव्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) थेरपी सुचवली. कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, यंत्रात फिरवायची आणि टाचेत टोचायची. खर्चाचा आकडा ऐकून क्षणभर दुखणंच विसरलो. कारण काय, तर म्हणे ‘टेंडनला स्वतःच्या स्टेम सेल नसतात’.

घरी येऊन वाचलं तर असतात की! 2007 मध्येच अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांच्या आणि माणसांच्या टेंडनमधून त्या वेगळ्या काढून दाखवल्यात. म्हणजे घरात आहे तेच मला विकतायत. माझं मत : नको. आता हाणा.

रेसकोर्स_वेट
असहमत. असतात हे खरं, पण काम किती करतात? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये अकिलिसचं वय मोजलं. 1955 ते 1963 च्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात मुरला. म्हातारपणीही टेंडनच्या गाभ्यात तो तसाच सापडला. शेजारच्या स्नायूत नाही, कारण स्नायू स्वतःला नवा करत राहतो. म्हणजे साधारण सतराव्या वर्षानंतर टेंडनच्या गाभ्याचं नूतनीकरण जवळजवळ बंद. अशा घरातल्या कामगारांच्या भरवशावर किती बसणार?

मी घोड्यांचा डॉक्टर. ब्रिटनमध्ये 113 शर्यतीच्या घोड्यांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी वाढवून टोचल्या. पुन्हा दुखापत झालेले 27.4 टक्के, जुन्या उपचारांपेक्षा बरेच कमी. आणि घोड्याला प्लासिबो (उपचार मिळाला या नुसत्या समजुतीने बरं वाटणं) कळत नाही.

नीलाक्षी_फिजिओ
घोड्याला नाही कळत, पण त्याला पुन्हा कधी पळवायचं हे ठरवणाऱ्या मालकाला कळतो ना! शिवाय त्या अभ्यासात बरोबरीचा तुलना गट नव्हता, जुन्या आकड्यांशी ताडून पाहिलं होतं. घोड्याचं टेंडन मधोमध फाटून पोकळी होते, बाजूचं धड टेंडन त्या पोकळीत पेशी धरून ठेवतं. डोंगरवेडांच्या टाचेत पोकळी नसणार, झीज असणार.

आणि ‘वाढवून’ हा शब्द महत्त्वाचा. प्रयोगशाळेत न वाढवता मज्जा नुसती फिरवली, तर लाख पेशींमागे स्टेम सेल एक ते दहा. बाकी सगळा लवाजमा.

खांदेपालट
लवाजमा म्हणा, पण माझ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी पॅरिसचा 2014 चा अभ्यास दाखवला होता. 45 जणांना टेंडन शिवतानाच मज्जा टोचली, 45 जणांचं नुसतं शिवलं. दहा वर्षांनी शाबूत : 87 टक्के विरुद्ध 44 टक्के. हा फरक थोडाथोडका नाही.

नीलाक्षी_फिजिओ
@खांदेपालट, आकडा मलाही भुरळ घालतो. पण कुणाला मज्जा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. आणि तिथे टेंडन शिवलं होतं. न शिवता सुई टोचून तेच होईल, हे त्यातून निघत नाही.

पेट्रीडिश
तुम्ही दोघेही बियाण्यावरच भांडताय. 2019 मध्ये बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेतल्या गटाने उंदरांच्या टेंडनच्या आवरणात स्टेम सेल शोधल्या. दुखापत झाली की त्या आत शिरतात आणि नवं टेंडन बनवतात. त्याच आवरणातल्या शेजारणी मात्र तोच रासायनिक निरोप ऐकून व्रणाची ऊती तयार करतात! निरोप एक, घरं दोन. टेंडन पूर्वीसारखं का जुळत नाही, याचं याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही.

डोंगरवेडांनी सांगितलेल्या 2007 च्या कामातही हेच होतं. भोवतालची दोन प्रथिनं काढून टाकली तर त्याच पेशींनी उंदराच्या टेंडनमध्ये हाड तयार केलं. सशांच्या टेंडनमध्ये मज्जेतल्या पेशी घातल्यावरही काहींत हाड झालं. ‘पेराल ते उगवेल’ इथे चालत नाही, माती ठरवते.

अवांतर : या मज्जेतल्या पेशींना 1991 मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ नाव देणारे अरनॉल्ड कॅप्लान यांनीच 2017 मध्ये लिहिलं, की नाव बदला, रुग्णाच्या शरीरात या स्टेम सेलसारख्या वागत नाहीत.

रेसकोर्स_वेट
मातीचा मुद्दा मान्य. पण मग माती सुधारणारी पेशीही चालेल की! रुजली नाही तरी निरोप पोचवून जाईल. घोड्यात तसंच होत असावं, कारण टोचलेल्या बहुतेक पेशी दिवसभरात तिथून नाहीशा होतात. 27.4 मी सोडणार नाही.

नीलाक्षी_फिजिओ
निरोप व्यायामात टेंडनवर पडणाऱ्या भारानेही पोचतो, फुकटात. स्वीडनमध्ये 1998 मध्ये 15 धावपटूंना 12 आठवडे रोज 180 वेळा टाच सावकाश खाली सोडायला लावली. सगळे पुन्हा धावू लागले. त्यातही चिठ्ठ्या नव्हत्या, हे वेट म्हणायच्या आत मीच म्हणते. पण नंतर यावर भरपूर काम झालंय. आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा : रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत.

डोंगरवेडा
आज क्लिनिकला फोन करून चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. ‘सर, वीस टक्के कमी करतो’ म्हणाले. 64 वेळा टाच सोडून झाली, 116 बाकी.