‘श्रेक’मधल्या जिंजरब्रेड माणसाचा आवाज कुणाचा?

प्रश्न:
परवा लेकीबरोबर ‘श्रेक’ हा ॲनिमेशनपट (२००१) पुन्हा पाहिला, मूळ इंग्रजीतून. श्रेक माइक मायर्स, गाढव एडी मर्फी, फिओना कॅमेरॉन डियाझ, दुष्ट सरदार फारक्वाड जॉन लिथगो, एवढं पाठ आहे. पण मी अडकले ते जिंजरब्रेड माणसापाशी, म्हणजे त्या आल्याच्या बिस्किटाच्या बाहुल्यापाशी. दुधात बुडवून काढलेला, पाय मोडलेले, ट्रेवर आडवा पडलाय, आणि तरी फारक्वाडच्या तोंडावर थुंकतो! त्या चिरक्या आवाजात भीती आणि हट्ट एकदमच ऐकू येतात. कोण आहे हा कलाकार?

प्रतिसाद १:
कॉनराड व्हर्नन. या चित्रपटाच्या स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांच्या कच्च्या चित्रमालिकेवर, काम करणारा माणूस! पुढे ‘श्रेक २’च्या (२००४) दिग्दर्शकांपैकी एक झाला. पिनोकिओ आणि तिन्ही डुकरं कोडी कॅमेरॉन, तोही स्टोरीबोर्डवाला. लांडगा तर निर्माता ॲरन वॉर्नर.
ॲनिमेशनमध्ये आधी आवाज, मग त्यावर ओठ आणि हातवारे. नामवंत नट यायच्या आधी कच्च्या चित्रांवर स्टुडिओतलीच मंडळी तात्पुरते संवाद म्हणतात, विनोद कुठे पडतो ते कळावं म्हणून. कधीकधी तोच आवाज पात्राला असा चिकटतो की बदलवत नाही. श्रेयनामावलीत ही नावं जरूर वाचा. मला तरी ती पोस्टरवरच्या नावांइतकीच मोलाची वाटतात.

प्रतिसाद २:
छोट्या पात्रांचं पटलं, पण मुख्य आवाजामागची मेहनतही विसरू नका. श्रेकचा आवाज आधी अमेरिकन विनोदी नट क्रिस फार्ली देत होता. बहुतेक संवाद रेकॉर्ड झाले होते आणि डिसेंबर १९९७ मध्ये तो गेला, अवघ्या ३३व्या वर्षी. मग मायर्स आला. त्यानं आधी आपल्या नेहमीच्या कॅनडियन ढंगात म्हटलं, ते मनाला येईना, म्हणून सगळं पुन्हा स्कॉटिश हेल काढून म्हटलं. आवाज बदलला म्हणजे तयार झालेली दृश्यंही पुन्हा करणं आलं. तो हेल काढून टाका, श्रेक नुसता रागीट राहतो. ‘मला एकटं राहू द्या’ म्हणणाऱ्याच्या आत दुखावलेलं कुणीतरी आहे, ते त्या आवाजामुळेच कळतं.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार दोघांचे. काल तो प्रसंग डोळे मिटून ऐकला. जिंजरब्रेड माणसाच्या गमड्रॉपच्या (चिकट गोळ्यांच्या) बटणांकडे फारक्वाडचा हात जातो तिथे व्हर्ननचा आवाज फाटतो, अगदी लहान मूल रडण्याआधी फाटतो तसा. लेक म्हणाली, “आई, परत लाव.”