मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधली त्रुटी: मेंटेनर गप्प असेल तर किती थांबायचे?

पावतीबुक

मंडळी,

सभासद आणि वर्गणी सांभाळणारे एक छोटे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. पीएचपी आणि मारियाडीबीवर चालते. वाचनालये आणि काही हाउसिंग सोसायट्या वापरतात. नाव मुद्दाम देत नाही, कृपया तर्कही लढवू नका.

लॉगिन केलेल्या सभासदाला आपल्या पावतीची पीडीएफ उतरवून घेता येते. पत्त्याच्या शेवटी पावतीचा क्रमांक असतो. तिथे ४१७ ऐवजी ४१८ टाकले की शेजाऱ्याची पावती उघडते. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, रक्कम, सगळे समोर. कोड फक्त 'लॉगिन आहे का' एवढेच बघतो, पावती कोणाची हे बघत नाही. लोकल मशीनवर ताजी आवृत्ती टाकून, दोन खोटी खाती करून खात्री केली आहे.

रेपोत (कोड ठेवलेल्या साठ्यात) सिक्युरिटीची फाइल, म्हणजे त्रुटी कुठे कळवायची ते सांगणारी, नाही. शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) आठ महिन्यांपूर्वीचा. मेंटेनरला, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला, गिट लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) सापडलेल्या पत्त्यावर मेल पाठवून १९ दिवस झाले, उत्तर नाही.

१) आता सरळ इश्यू (रेपोतली सर्वांना दिसणारी तक्रार) उघडावा का? किती दिवस थांबणे रास्त?
२) 'सहमेंटेनर व्हायला तयार आहे' असे एकाने रेपोत लिहिले आहे. त्याला कळवावे का?
३) पॅच (दुरुस्तीचा कोड) तयार आहे. क्रमांकाच्या जागी ३६ अक्षरी यूयूआयडी (लांब, सलग नसलेला ओळखक्रमांक) टाकला आहे. पुरेल ना?

---

सह्यकडा

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झाले आहे. यूयूआयडीने क्रमांक ओळखणे अवघड होते, पण पावती कोणाची हे अजूनही तपासले जात नाहीच. तो पत्ता व्हॉट्सअॅपवर पुढे गेला, ब्राउझरच्या हिस्टरीत राहिला किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर उरला, की दुसरे कुठलेही लॉगिन वापरून पावती उघडते. दुरुस्ती क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) हवी: पावती क्रमांक जुळला पाहिजे आणि सभासद क्रमांक सेशनमधल्या सभासदाशी जुळला पाहिजे, दोन्ही अटी एकाच क्वेरीत. आधी पावती आणून मग 'इफ' लावून तपासू नका, पुढे कोणीतरी दुसरा मार्ग जोडतो आणि तो 'इफ' लिहायला विसरतो. जुळले नाही तर ४०४ ('सापडले नाही') द्या. ४०३ ('परवानगी नाही') दिलात तर 'पावती आहे, पण तुमची नाही' एवढी माहिती फुकट जाते. खजिनदाराला सगळ्या पावत्या लागतात, त्याचा मार्ग वेगळा ठेवा.

अजून एक जागा बघा. अशी बरीच सॉफ्टवेअर एकदा तयार झालेली पीडीएफ अपलोडच्या फोल्डरमध्ये साठवतात. ते फोल्डर एनजिनेक्स (वेब सर्व्हर) थेट ब्राउझरला देत असेल तर तुमच्या पीएचपीच्या पॅचला कोणी विचारणारच नाही. फोल्डर वेबरूटच्या (वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर काढा, जुन्या फाइली पुसा आणि उत्तरात कॅश-कंट्रोल 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' लावा, म्हणजे प्रत साठवली जाणार नाही.

आता मुदत. मेल कोणत्या पत्त्यावर गेला ते आधी बघा. गिट लॉगमधला पत्ता अनेकदा गिटहबचा (असे कोड ठेवायच्या साइटचा) नोरिप्लाय असतो, तिथे मेल पाठवणे म्हणजे विहिरीत चिठ्ठी टाकणे. तसे असेल तर १९ दिवस धरू नका, मोजणी अजून सुरूच झालेली नाही. रेपोच्या सिक्युरिटी टॅबमध्ये त्रुटी खाजगीत कळवण्याचे बटण आहे का बघा. ते मेंटेनरने सेटिंगमध्ये चालू केलेले असावे लागते, म्हणून सगळीकडे दिसत नाही. नसेल तर उघड इश्यू टाका, पण मजकूर इतकाच: 'सुरक्षेशी संबंधित एक बाब खाजगीत कळवायची आहे. कोणत्या पत्त्यावर कळवू?' 'पावती', 'परवानगी', 'पीडीएफ' यांतला एकही शब्द नको. हजार ओळींच्या कोडमध्ये 'पावती' एवढा शब्द मिळाला की जाणकाराला दहा मिनिटे पुरतात.

त्रुटी उघड करण्याआधी थांबायच्या रूढ मुदती अशा. गूगलच्या प्रोजेक्ट झिरोची (त्रुटी शोधणाऱ्या गटाची) ९० दिवस, अमेरिकेच्या सर्ट समन्वय केंद्राची ४५. लिनक्स वितरणांच्या (डेबियनसारख्या तयार संचांच्या) खाजगी मेलयादीवर जास्तीत जास्त १४, आणि तिथे उघड करायची तारीख सुरुवातीलाच सांगावी लागते. तुमच्यासारख्या प्रकरणाला ४५ पुष्कळ झाले. मात्र तारीख पहिल्याच पत्रात लिहा: 'अमुक तारखेला तपशील प्रसिद्ध करीन, रिलीज आधी आले तर त्याच दिवशी.' तारखेशिवायचे पत्र विनंती ठरते आणि विनंत्या इनबॉक्समध्ये कुजतात. ४४ व्या दिवशी अचानक तारीख कळवली, तर त्याला धमकीचा वास येतो.

मेंटेनर हाती लागलाच नाही तर सर्ट-इनकडे (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे) जा. २०२१ पासून त्यांना सीव्हीई (त्रुटीचा जगभर चालणारा ओळख) क्रमांक देण्याचा अधिकार आहे आणि ते समन्वयही करतात.

लोकल मशीनवर तपासलेत हे उत्तम. कोणाच्या चालू सर्व्हरवर ४१८ टाकून बघणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी प्रवेश ठरू शकते. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ लागते, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'सदहेतूने संशोधन' अशी सूट कायद्यात लिहिलेली नाही. तेव्हा पुराव्यासाठीसुद्धा खऱ्या पावतीचा स्क्रीनशॉट नको.

---

गाभारा

दुसऱ्या प्रश्नावर: नाही. त्याला कळवू नका. तो भला माणूस असेलही, पण आज त्याच्याकडे दुरुस्त रिलीज काढायचा अधिकार नाही. ज्याला दुरुस्त करता येत नाही त्याला त्रुटी सांगून फक्त माहीत असणाऱ्यांची संख्या वाढते.

इथे एक्सझेडचं (लिनक्समधल्या फाइली संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) प्रकरण बारकाईनं बघण्यासारखं आहे. 'जिया टॅन' नावाच्या खात्यानं २०२१ च्या शेवटाला पॅच पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये इतर कुठंच न दिसणाऱ्या काही खात्यांनी मूळ मेंटेनर लासे कॉलिन यांच्यामागे तगादा लावला, की काम रखडतंय, दुसऱ्याला अधिकार द्या. एकटा, थकलेला माणूस. अधिकार दिले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या चोरवाट (बॅकडोर) घेऊन बाहेर पडल्या. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ रीतसर काम करून कमावलेला विश्वास होता तो.

आणि ती सापडली कशी? अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक. डेबियनच्या पुढच्या आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला ०.२९९ सेकंदांच्या जागी ०.८०७ लागतायत आणि व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) तक्रार करतंय, एवढ्यावरून ते मुळापर्यंत गेले. २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं उघड केलं. धागाकर्त्यांच्या कामाची गोष्ट अशी, की त्यांनी एक्सझेडच्या रेपोत बग टाकला नाही, कारण मूळ प्रकल्पच गुंतलेला दिसत होता. ते आधी डेबियनच्या सुरक्षा गटाकडे आणि मग वितरणांच्या खाजगी यादीकडे गेले. 'आधी मेंटेनरला कळवा' हा नियम मेंटेनरवरच संशय असेल तेव्हा लागू नाही.

चोरवाट सुरू करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये (रिलीजच्या गठ्ठ्यात) होती, बिल्डच्या एका एम-फोर फाइलमध्ये, आणि खरा माल चाचणीसाठी ठेवलेल्या 'बिघडलेल्या' संकुचित फाइलींत. गिट वाचणाऱ्या दहा जणांना दहा वेळा वाचूनही दिसली नसती. म्हणून रिलीजची झिप उघडा, त्याच टॅगचा गिट आर्काइव्ह काढा आणि दोन्ही फोल्डरांचा डिफ घ्या. पीएचपीत व्हेंडर फोल्डरमुळे (बाहेरून आणलेल्या लायब्ररींमुळे) फरक दिसणारच, तेव्हा कंपोजरच्या (त्या लायब्ररी आणणाऱ्या साधनाच्या) लॉक फाइलवरून ते वेगळं उभं करून ताडून बघा. उरलेल्या प्रत्येक फरकाचं कारण सांगता आलं पाहिजे.

---

उघडमाप

मला ही गुप्तता पटत नाही. ज्या सोसायटीच्या पावत्या उघड्या आहेत तिला ४५ दिवस अंधारात का ठेवायचं? चोराला माहीत असेल तर त्याला आजच माहीत आहे. वापरणाऱ्याला निदान बंद करायची संधी द्या.

---

सह्यकडा

मुद्दा रास्त आहे, म्हणूनच मुदत लागते. कोणी प्रत्यक्ष गैरवापर करतोय असा पुरावा असेल तर ४५ विसरा. प्रोजेक्ट झिरोसुद्धा तेव्हा ७ दिवसच देतो.

पण पॅच हाती नसताना उघड केले तर काय मिळते? वाचनालयात सर्व्हर सांभाळणारा माणूस महिन्यातून एकदा येतो. उलट बाजूला स्क्रिप्ट चालवायला रात्र पुरते. ड्रुपलने (वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरने) १५ ऑक्टोबर २०१४ ला एसक्यूएल इंजेक्शनची दुरुस्ती ७.३२ मध्ये दिली, म्हणजे पॅच हातात होता. तरी दोन आठवड्यांनी त्यांना जाहीर सांगावे लागले, की घोषणेनंतर ७ तासांत, म्हणजे १५ तारखेच्या रात्री ११ यूटीसीपर्यंत, पॅच लावला नसेल तर साइट फुटली आहे असे धरूनच चाला. आपल्याकडे ते पहाटेचे साडेचार. कोण जागे असणार?

यातून ते जे शिकले ते २०१८ मध्ये दिसले. २१ मार्चला सांगितले, की २८ तारखेला अमुक दीड तासात (आपल्याकडे रात्री साडेअकरा ते एक) अतिगंभीर दुरुस्ती येणार, माणसे हजर ठेवा. त्रुटी कुठे आहे याचा उच्चार नाही. तुमच्या 'अंधारात का' या प्रश्नाला हे बरे उत्तर वाटते: वेळ आधी सांगा, जागा नंतर.

---

पावतीबुक

धन्यवाद. मेल नोरिप्लायवरच गेला होता. मोघम इश्यूवर दोन दिवसांत उत्तर आले, माणूस सज्जन आहे. मी क्वेरीतली दुरुस्ती त्याला खाजगीत पाठवली. पण त्याने ती काल रात्री थेट सर्वांना दिसणाऱ्या मुख्य शाखेत टाकली, संदेश 'पावती मालकी तपासणी जोडली' असा. रिलीज पुढच्या महिन्यात काढू म्हणतो. आता तो कमिट मागे घ्यायला सांगू का?

---

सह्यकडा

नको. फोर्स-पुश करून (इतिहास बदलून) तो काढला तरी तो कमिट त्याच्या हॅशने (ओळखक्रमांकाने) उघडत राहतो आणि फोर्कांमध्ये (इतरांनी घेतलेल्या प्रतींत) असतोच. वर मागे घेतलेला कमिट जास्त नजरेत भरतो. त्रुटी काल रात्रीच उघड झाली आहे, त्यामुळे रिलीज आज. पुढच्या महिन्यात म्हणजे वरातीमागून घोडे.

रिलीजमध्ये ही एकच दुरुस्ती. नवे डॅशबोर्ड, नवे भाषांतर काही नको, नाहीतर लोक 'आधी चाचणी करू' म्हणून थांबतात. जुन्या पीएचपीवर अडकलेल्यांसाठी मागच्या शाखेवरही हाच पॅच काढा. सीव्हीईसाठी गिटहबच्या मसुदा अॅडव्हायझरीतून (सुरक्षा सूचनेतून) अर्ज करता येतो, पण त्या क्रमांकासाठी रिलीज अडवू नका, नंतर जोडता येतो. तीव्रता प्रामाणिक लिहा: नेटवर्कवरून, सोपे, साधे लॉगिन लागते, गोपनीयता जाते, बदल करता येत नाही. सीव्हीएसएस ३.१ ने (तीव्रता मोजायच्या पद्धतीने) १० पैकी ६.५ येतात. ९.८ लिहून कोणाचे भले होत नाही, पुढच्या वेळी खरे ९.८ आले की कोणी बघत नाही.

पुढच्या वेळी त्याच अॅडव्हायझरीतून तात्पुरता खाजगी फोर्क काढायचा आणि पॅच तिथे पारखायचा. अडचण एवढीच, की त्या फोर्कवर सीआय (आपोआप होणाऱ्या चाचण्या) चालत नाही. चाचण्या आपल्या मशीनवर चालवा. घाईत याचाच फटका बसतो. लॉगफोरजेचे (जावामधल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचे) बघा, डिसेंबर २०२१ मध्ये २.१५.० ची दुरुस्ती अपुरी ठरली, मग २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१.

---

गाभारा

वापरणाऱ्यांसाठी अॅडव्हायझरीत एक ओळ घाला: अपडेटच्या आधी अॅक्सेस लॉगची (सर्व्हरवर कोणी काय उघडलं त्या नोंदीची) प्रत काढून ठेवा. डेबियनवर अपाचे या वेब सर्व्हरचे लॉग रोज फिरतात आणि १४ दिवसांचेच राहतात. (सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना १८० दिवस लॉग ठेवायला सांगितलंय, तो वेगळा विषय.)

लॉगमध्ये पावतीच्या मार्गावरच्या ओळी गाळून घ्या आणि एकाच आयपीवरून क्रमानं चढत जाणारे क्रमांक शोधा. फसगत इथं होते: मोबाइल कंपन्या एका आयपीमागे शेकडो ग्राहक ठेवतात, त्यामुळे एका आयपीवरून दहा पावत्या उघडल्या म्हणजे चोरी असं नाही. ४१७, ४१८, ४१९ असे सलग, एकाच ब्राउझरची ओळख आणि मधे एक-दोन सेकंद असतील तर ती स्क्रिप्ट.

आणि ज्यांचे लॉग उरले नाहीत त्यांनी सभासदांना 'गैरवापर आढळला नाही' असं कळवू नये. 'लॉग शिल्लक नसल्यामुळे तपासता आलं नाही' असं लिहावं.