बाबांची पितळी नळी आणि म्हैसूरच्या सहा इंची तोफा

ऐरोलीकर:
बाबा नौदलाच्या आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवर सहा इंची (तोंडाचा व्यास सहा इंच) तोफेच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती घुमटात होते. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या त्यांच्या ट्रंकेत एक पितळी नळी मिळाली. करंगळीएवढी, बुडाला काठ, तोंड उघडं. बाबा सांगायचे, "सहा इंचीला काडतूस नसतं, थैल्या असतात." ठाण्यातला मित्र म्हणतो, थैलीतल्या दारूवर एवढी तोफ चालणारच नाही, आणि नळी रायफलची आहे. बाबा आता नाहीत. कोणाला माहीत असेल तर सांगा, मनाला लागून राहिलंय.

नेरुळचा गनर:
बाबा बरोबर सांगत होते. म्हैसूर म्हणजे आधीची ब्रिटिशांची एचएमएस नायजेरिया. १९५७ साली आपल्याकडे आली तेव्हा तीन टरेटमध्ये मिळून नऊ सहा इंची तोफा होत्या. गोळा सुमारे ५१ किलोचा. तो आधी आत ठासायचा, मागून कॉर्डाइटची (तोफेच्या दारूची) थैली, मग ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार, फिरवून बंद. पितळी काडतूस नसल्यामुळे वायू मागे फुटू नये म्हणून ब्रीचला दाबून बसणारा पॅड असतो. थैली पेटवायला ब्रीचमधल्या भोकात एक छोटी ट्यूब घालतात. तुमच्या हातात तीच असावी. गोळी धरायला चिंचोळी मान आहे का बघा, रायफलच्या काडतुसाला ती असते.
मित्राचंही अगदीच चुकलं नाही. त्याच जहाजावरच्या चार इंची तोफांना पितळी काडतूसच होतं, गोळ्यासकट एकसंध.

कोपरी:
पल्ला २३ किलोमीटर. ठाणे स्टेशनावरून सरळ रेषेत दादर! तरी म्हैसूरला हलकी क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) म्हणायचे, कारण १९३० च्या लंडन करारात ६.१ इंचापर्यंतची तोफ हलक्या वर्गात धरली होती.

नेरुळचा गनर:
थैलीची खरी भीती ठिणगीची. १९१६ साली जटलंडच्या समुद्री लढाईत जर्मनांशी लढताना ब्रिटिशांच्या तीन बॅटलक्रूझर (मोठ्या युद्धनौका) कोठारातलं कॉर्डाइट पेटून उडाल्या. जर्मन मुख्य दारू पितळी काडतुसात ठेवत. अशा भडक्यात भाजू नये म्हणूनच आम्हाला ड्यूटीवर डोकं झाकणारा पांढरा हूड आणि लांब हातमोजे सक्तीचे होते.

ऐरोलीकर:
मान नाही, नळी सरळसोट आहे. आणि काका, तो हूड घरात आहे! आईने कानटोपी समजून इतकी वर्षं स्वेटरांबरोबर डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. आत्ताच काढून तिच्या हातात दिला.