१० बाय १२ च्या खोलीत बोरघाट बसवायचाय, सुरुवात कुठून करू?

अनघा_चिंचवड

नमस्कार मंडळी. दिराची बदली झाल्यापासून आमची मागची खोली रिकामी आहे आणि घरच्यांनी ती मला मॉडेल रेल्वेसाठी दिली आहे. खोली १० बाय १२ फूट. दार एका १० फुटी भिंतीच्या कोपऱ्यात, आत उघडणारं. समोरच्या भिंतीला सरकती खिडकी, तिचा कट्टा जमिनीपासून साडेतीन फुटांवर. अट एकच: गणपतीत पाहुणे आले की खाली दोन गाद्या पडल्या पाहिजेत.

करायचंय काय, ते मनात पक्कं आहे. लहानपणी दादर–पुणे प्रवासात कर्जतला गाडी थांबली की सगळे वड्यांसाठी फलाटावर उतरायचे आणि मी बाबांचा हात धरून शेवटच्या डब्याकडे पळायचे. मागून दोन-तीन इंजिनं हळूहळू येऊन टेकायची, गाडीला हलका धक्का बसायचा, आणि मग पुढून ओढत, मागून ढकलत घाट सुरू. मला तो बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लागताना बघायचाय. मरून डबे, डीसी विजेवर चालणारी इंजिनं, म्हणजे नव्वदीच्या सुमाराचा काळ.

आता प्रश्न. नेटवर बहुतेक आराखडे ४ बाय ८ फुटांच्या प्लायवरच्या लंबगोलाचे आहेत. तसाच करून मध्ये डोंगर उभा करू का? मॉडेलचं प्रमाण एचओ घेऊ की त्याहून लहान एन? आणि डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल यंत्रणा, खरंच लागतं का, की साधा कंट्रोलर पुरेल?

सांधेवाला

अनघाताई, मी सिग्नल खात्यातून निवृत्त झालो, बदलापूरला राहतो, घरी माझाही लेआउट आहे. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. बहुतेक लोक रूळ कसे टाकू हे विचारतात, तुम्ही गाडी काय करणार ते आधी सांगितलंत. ते ठरलेलं असलं की बाकीचा आराखडा त्यातूनच निघतो.

लंबगोल नको. त्यावर गाडी जिथून निघाली तिथेच परत येते, आणि तुम्हाला तर तिला पायथ्याहून माथ्यावर न्यायचंय. शिवाय मधोमध ४ बाय ८ चं टेबल मांडलंत तर गाद्या कुठे घालणार? भिंतीला धरून ४० सेंमी रुंदीची फळी फिरवा. दाराच्या लगतची १२ फुटी भिंत म्हणजे कर्जत. तिथून खिडकीची भिंत आणि पलीकडची १२ फुटी भिंत म्हणजे घाट. दाराच्या भिंतीचा उरलेला भाग, साधारण ७ फूट, हे लोणावळा. खोलीचा मधला भाग पूर्ण मोकळा राहतो आणि कुठेही हात पोचतो. ६० सेंमीच्या पलीकडे रूळ गेला की घसरलेला डबा उचलताना पुढचं सिग्नल मोडतं, म्हणून रुंद फळीचा मोह धरू नका.

आता गंमत बघा. खऱ्या घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. तुमच्या दोन भिंती आणि कोपरे धरून चढाला साडेपाच मीटर मिळतात. त्यात २.७ टक्क्यांनी गाडी १५ सेंमी वर जाते. म्हणजे चढ अजिबात फुगवायची गरज नाही, खराच वापरा! कर्जत ११० सेंमी उंचीवर ठेवलंत तर ते खिडकीच्या कट्ट्याच्या थोडं वर येतं, लोणावळा १२५ ला. खुर्चीत बसलात की गाडी डोळ्यांसमोरून जाते. कोपऱ्यांत चढ जरा सैल ठेवा, कारण वळण स्वतःच गाडीला धरून ठेवतं. रेल्वेतही वळणाच्या प्रत्येक अंशामागे चढ ०.०४ टक्क्याने कमी करायचा नियम आहे. आपल्या वळणांची त्रिज्या खऱ्याच्या मानाने फारच लहान, तेव्हा तिथे दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका आणि ती तूट सरळ भागात थोडी थोडी भरून काढा. चढाची सुरुवात आणि शेवट मात्र हळूहळू करा. सपाटीवरून एकदम चढ लागला तर कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, एकमेकांतून निसटतात.

स्केलचं म्हणाल तर माझं मत एन. आयसीएफ कारखान्याचा प्रवासी डबा २१.३ मीटरचा. एचओत, म्हणजे १:८७ मध्ये तो साडेचोवीस सेंमी होतो, एनमध्ये, १:१६० ला, १३.३. नऊ डबे, पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर अशी गाडी एनमध्ये १ मीटर ५७ सेंमी भरते आणि तुमच्या लोणावळ्यात मावते. एचओत तीच गाडी २.९ मीटर होईल, मग चार-पाच डब्यांवर समाधान मानावं लागेल. चार डब्यांना दोन बँकर लावणं डोळ्यांना पटत नाही. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६७६ मिमी. एनमध्ये ते साडेदहा मिमी व्हायला हवं आणि रूळ मिळतात ९ चे. एचओत १९.३ हवं, मिळतात १६.५ चे. तफावत दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे त्या कारणासाठी एचओकडे जायचं कारण नाही.

एनची अडचण एकच, आणि ती मोठी आहे: भारतीय इंजिनं-डबे तयार मिळणं कठीण. जपानी किंवा अमेरिकन मॉडेलच्या चासीवर (चाकं आणि मोटरच्या सांगाड्यावर) थ्रीडी प्रिंट केलेलं अंग चढवावं लागेल. रंगकामाची आवड असेल तर जमेल.

टू_फूट_गेज

सांधेवाला काकांशी असहमत. अनघाताई, माथेरान करा! नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ ची, गेज दोन फूट. ओओ९ मध्ये, म्हणजे १:७६ प्रमाण आणि एनचेच ९ मिमीचे रूळ, हे फार सुंदर बसतं. दोन फुटांचे त्या प्रमाणात ८ मिमी होतात, म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा थोडं जवळ. खरी वळणंच इतकी आवळ आहेत की खोलीतली वळणं खोटी वाटत नाहीत. चढ २० ला १ पर्यंत. गाडी लहान, त्यामुळे जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही सगळी स्टेशनं एकाच खोलीत येतात. प्रमाण मोठं असल्यामुळे खिडक्यांचे गजसुद्धा करता येतात. एका माणसाला वर्षभरात पुरं होण्यासारखं काम आहे.

सांधेवाला

माथेरानबद्दल जे लिहिलंत ते सगळं खरं, मलाही ती गाडी प्रिय आहे. पण ताईंना बँकर हवाय. माथेरानला तो कुठून आणणार?

रेझिस्टर

विजेचं मी सांगतो. बँकर हवा असेल तर डीसीसी हवंच, यात दुसरा पर्याय नाही. साध्या डीसीत रुळातला प्रवाह सगळ्या इंजिनांना सारखाच मिळतो. मागचं इंजिन हळूहळू येऊन उभ्या गाडीला टेकायला हवं आणि तेवढा वेळ पुढचं इंजिन जागचं हलता कामा नये. डीसीत त्यासाठी रुळाचे तुकडे पाडून स्विच लावावे लागतात, आणि एकदा गाडी घाटात शिरली की दोन्हींचा वेग वेगवेगळा सांभाळता येतच नाही. डीसीसीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. दोन मुलं दोन थ्रॉटल (वेगाचे कंट्रोलर) घेऊन उभी राहिली की एक मेल चालवतो, एक बँकर.

तिन्ही इंजिनांचा वेग आधी जुळवून घ्या. इंजिनातल्या डीकोडर चिपमध्ये सीव्ही (सेटिंगचे क्रमांक) २, ६ आणि ५ मध्ये अनुक्रमे सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग भरायचा असतो. सगळ्यात हळू इंजिनाला बाकीची जुळवा. बँकर किंचित हळूच ठेवा. तो पुढच्यापेक्षा जोरात निघाला तर मधले हलके डबे वळणावर बाहेर फेकले जातात. त्यासाठी डब्यांना वजन द्या. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार १३ सेंमीच्या एन डब्याचं वजन साधारण ३६ ग्रॅम भरतं. सगळे डबे सारख्या वजनाचे असणं त्याहून महत्त्वाचं. वजन तळाशी, चाकांच्या जवळ चिकटवा.

फळीखालून १.५ स्क्वेअर मिमीची दोन रंगांची वायर शेवटपर्यंत न्या. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून बारीक वायर सोल्डर करून त्या मुख्य वायरीला जोडा. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जॉइनरवर विजेसाठी विसंबू नका, पावसाळ्यात ते दगा देतात. वायरिंग झालं की रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका. कुठेही टाकलं तरी यंत्रणा लगेच ट्रिप झाली पाहिजे. जिथे होत नाही तिथे वायर कमी पडते आहे.

मिरजोळे

मी रत्नागिरीची. चिंचवडला आमच्याइतकी दमट हवा नाही, पण प्लायबद्दल लिहितेच. सुताराला आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय, १२ मिमी, असं स्पष्ट सांगा. कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवून घ्या. फक्त वरचीच बाजू रंगवली की फळी वाकते, कारण दमटपणा एकाच बाजूने शिरतो.

आणि सांगाड्यासाठी लाकूड नकोच. दुकानांत रॅकना असतो तो भोकांचा स्लॉटेड अँगल घ्या. नटबोल्टवर जुळतो, वाळवी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे उंची भोकाभोकाने बदलता येते. घाटाच्या चढाला याहून सोयीचं काही नाही. भिंतीला भोकं पाडायची नसतील तर खाली पाय द्या, गाद्या त्यांच्या आत सरकतात.

खडीबद्दल एक महत्त्वाचं. बांधकामाची काळी क्रश सँड चाळून फार छान खडी मिळते, सह्याद्रीचाच दगड तो. रेल्वेची खडी ५० मिमीच्या आसपासची, म्हणजे एनमध्ये तिसरा हिस्सा मिमी. मैद्याच्या चाळणीतून पडतं ते घ्या आणि धूळ पाण्याने काढून टाका. पण वाळली की तिच्यातून जाड लोहचुंबक फिरवा! आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. ते कण चिकटून वर येतात. तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतील. मग रुळांमध्ये पसरून फेविकॉल, तितकंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब ड्रॉपरने सोडा.

अनघा_चिंचवड

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! माथेरानचा मोह खरंच झाला, पण काकांचं बरोबर, मला बँकरच हवाय. एन आणि डीसीसी ठरलं. स्लॉटेड अँगलची चौकशी आजच केली, भोसरीत मिळतोय. दाराचं झडप बाहेर उघडेल असं करून घेते.

तीन शंका राहिल्या. एक, लोणावळ्याला पोचलेली गाडी परत मुंबईच्या बाजूला कशी आणायची? दारापाशी दोन्ही टोकं येतात, पण उंचीत १५ सेंमीचा फरक आहे. दोन, बँकर चालत्या-बोलत्या गाडीतून सोडवायचा कसा, हाताने? तीन, डोंगर कशाचा करू? युरोपियन दगडांचे रबरी साचे मिळतात, ते चालतील का?

सांधेवाला

साचे घेऊ नका. त्यांतले बहुतेक दगड तिरप्या थरांचे असतात. आपला सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे: काळा कडा, मग सपाट गवताळ पट्टी, पुन्हा कडा, मध्येच लाल मातीची एक बारीक रेघ. दाट फोमच्या शीट आडव्या रचून कडा चाकूने उभ्या तोडल्या की निम्मा बोरघाट तिथेच तयार होतो. महिना आधी ठरवा. श्रावण असेल तर सगळं हिरवं, धबधबे आणि ओले काळे कडे. मार्च असेल तर पिवळं गवत आणि उघडा दगड. दोन्हींची सरमिसळ झाली की ती जागा कुठलीच राहत नाही.

गाडी परत आणायला कॅसेट वापरा. प्लायची ८० सेंमीची पट्टी, तिच्यावर ॲल्युमिनियमचे दोन अँगल ९ मिमी अंतरावर चिकटवायचे, चाकं त्यांच्यातून चालतात. वीजही अँगलमधूनच जाते. अशा दोन पट्ट्या जोडल्या की तुमची गाडी मावते. बँकर लोणावळ्यातच मोकळे झाले की उरलेली गाडी दारातल्या कॅसेटवर घ्यायची, पट्टी उचलून खालच्या टोकाला लावायची. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना अडसर मात्र हवाच, नाहीतर उचलताना डबे खाली येतील. खेळ संपला की दार मोकळं.

बँकर सोडवायला केडी पद्धतीचे, चुंबकाने उघडणारे कपलर आणि रुळांमध्ये लपवलेला चुंबक. गाडी चुंबकावर उभी राहिली, कपलर सैल पडला की कपलर उघडतो, आणि बँकर मागे येतो. लोणावळ्याच्या फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला, शेवटचा डबा जिथे थांबेल बरोबर तिथे चुंबक बसवा. चढावर चुंबक नको, गाडी सुटून खाली घरंगळेल.

आणि माझी एक मागणी. घाटात जागा काढून एक कॅच सायडिंग करा. उतरणाऱ्या मार्गावरून फुटून डोंगराकडे चढत जाणारा, रेतीत संपणारा रूळ. गाडी हाताबाहेर गेली तर तिने तिकडे चढून थांबावं म्हणून असतो. तिथला सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, नेहमी सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी थांबून ताब्यात आहे हे सिद्ध झालं की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. तुमचे मोकळे बँकर लोणावळ्याहून कर्जतला परतताना तिथे थांबतील, तुम्ही सांधा फिरवाल, मग पुढे जातील. प्रवाशांना ते सहसा दिसत नाही, पण घाट त्याच्यावर चालतो. खिडकीच्या भिंतीवर दीड मीटरची जागा पुरेल. सांध्याची मोटर फळीखाली बसवा आणि फळी रंगवायच्या आधीच तिचं भोक पाडून घ्या.