मदत हवी आहे: परवा आमच्या गावच्या जवानाचं पार्थिव येतंय, घरच्यांना त्याच्याजवळ निवांत वेळ कसा मिळवून द्यावा?

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चुका पदरात घ्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. भावकीतला माझा पुतण्या मराठा लाइट इन्फंट्रीत होता. काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना गेला. काल पहाटे त्याच्या वडिलांना पलटणीतून फोन आला. पार्थिव विमानाने पुण्याला येईल, तिथून लष्कराच्या गाडीने खंबाटकी घाट ओलांडून गावात. परवा सकाळी नऊ-दहापर्यंत पोहोचेल असं सांगितलंय. मी पुण्यात नोकरीला असतो, काल रात्रीच गावी आलो. ग्रामपंचायतीने सगळी व्यवस्था आम्हा पाच जणांवर सोपवली आहे.

गावाने काय चालवलंय ते आधी सांगतो, कारण ते बघून माझा गळा भरून येतोय. बातमी आल्यापासून आळीत एक चूल पेटलेली नाही. दुकानं बंद. वेशीपासून चावडीपर्यंतचा रस्ता बायकांनी खराट्याने लख्ख झाडून काढलाय, परवा पहाटे सडा-रांगोळी करणार आहेत. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने बाजारात न्यायला तोडलेला झेंडू तसाच ट्रॉलीत भरून पाठवून दिला. पैशाचं विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "मालकानं सांगितलंय, विचारणाऱ्याचं ऐकून घेऊ नको."

पण माझी काळजी वेगळी आहे. परवा पंचक्रोशीतून माणूस लोटेल. आमदार, अधिकारी, वाहिन्यांचे कॅमेरे. घर जुन्या वाड्यात, चावडीपासून आत जाणारी बोळ जेमतेम सहा-सात फुटांची. गाडी आत जाणार नाही. तरुण मंडळींचं म्हणणं, पार्थिव थेट शाळेच्या मैदानावर न्यावं, म्हणजे सगळ्यांना दर्शन होईल. घरच्यांना तिथेच बसवू. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण घरात बसलेलं आहे.

माझे धाकटे चुलते १९७१ च्या लढाईत जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. डिसेंबरात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पडले. तेव्हा पार्थिव घरी पाठवायची सोय नव्हती, तिकडेच अग्नी दिला. घरी आली ती तार, आणि काही आठवड्यांनी पत्र्याची काळी ट्रंक. आजोबांनी संगम माहुलीला दर्भाची प्रतिमा करून पालाशविधी, म्हणजे देह नसताना करायचा अंत्यविधी केला. काकी तेव्हा वीस वर्षांच्या. काल रात्री त्या सूनबाईच्या उशाशी बसून होत्या. मी आत गेलो तर मला म्हणाल्या, "माझ्या वाट्याला नुसती पेटी आली, बाबा. आत माणूस नव्हता. ह्या पोरीला तोंड बघू द्या रे मनासारखं. मग तुमचा काय तो जयजयकार करा."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. घरात, दार लावून, फक्त आई-वडील, बायको आणि चार वर्षांची लेक. दहा-पंधरा मिनिटं. हे मागायचं कुणाकडे? लष्कराची माणसं ऐकतात का? लेकीचे फोटो मोबाइलवर फिरू नयेत म्हणून काय करता येईल? आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडा अंथरून मिरवणुकीत पुढे घ्यायचं पोरांनी ठरवलंय, ते चालतं का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया आजच सांगा.

पलटणवाला (प्रतिसाद)

दादा, आधी तुमच्या पुतण्याला सॅल्यूट. मी मराठातूनच निवृत्त झालो. बेळगावच्या सेंटरला भरती झालेला माणूस आहे. दोन वेळा साथीदाराला घरी पोहोचवायला पार्थिवासोबत गेलोय, म्हणून सांगतो.

पार्थिवासोबत युनिटचा माणूस असतोच, बहुधा जेसीओ (सुभेदार-नायब सुभेदार हुद्द्याचे) साहेब. त्यांचा नंबर घरच्यांकडे आलेला असेल. नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळेल. गाडी पुणे सोडायच्या आधी त्यांना फोन करा आणि साध्या शब्दांत सांगा: आधी घर, मग मैदान. नाही म्हणणार नाहीत. आमच्यासाठी तो कुणाचा तरी मुलगा म्हणूनच आलेला असतो. मग तहसीलदार आणि ठाण्याच्या साहेबांना तीच वेळ कळवा, म्हणजे बोळीच्या तोंडाशी पोलीस उभे राहतील. पोलिसांच्या पुढे गावातल्या चार वडीलधाऱ्यांना उभं करा. माणसं खाकीला रेटतात, आबा-तात्यांना रेटत नाहीत.

एक नाजूक गोष्ट. पेटी उघडता येईल का, हे चारचौघात विचारू नका. घरातल्या एका खंबीर पुरुषाने जेसीओ साहेबांना बाजूला घेऊन विचारायचं. तोंड दाखवण्यासारखं आहे की नाही ते साहेब खरं सांगतील. नसेल तर पेटीवर हात ठेवू द्या, तेही खूप असतं. काकींच्या मात्र ही शक्यता आधीच कानावर घाला.

बोळीचं म्हणाल तर पेटी जड असते, आठ खांदे लागतात आणि वळणावर अडते. आज रात्रीच एक मोठी बाज घ्या, आठ जणांनी खांद्यावर उचला आणि चावडी ते घर नेऊन बघा. कुठे बाज टेकते, कुठे पन्हाळ आड येते ते कळेल. परवा तिथे खोळंबायला नको.

झेंड्याचं. बॉनेटवर अजिबात नाही. गाडीच्या बॉनेटवर, टपावर, बाजूंना तिरंगा अंथरणं भारतीय ध्वज संहिता २००२ मध्ये स्पष्ट मना आहे. तिरंगा पांघरायचा मान फक्त पार्थिवाला, तोही शासकीय इतमामात किंवा सैन्यदलांच्या अंत्यसंस्कारातच. केशरी रंग डोक्याच्या बाजूला येतो. चितेवर ठेवण्याआधी तो काढतात, घडी करून घरच्यांच्या हातात देतात. चितेत जाऊ देत नाहीत. पोरांना ट्रॅक्टर आणायचाच असेल तर फुलांनी सजवून आणू द्या.

चितेचा चौथरा बांधताना एक बाजू मोकळी सोडा. हवेत तीन फैरी झाडतात, त्या बाजूला माणसं, झाडावर चढलेली पोरं, विजेच्या तारा नकोत. आणि बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजेल तेव्हा स्पीकर बंद. त्या क्षणी घोषणासुद्धा नको. शस्त्रं उलटी धरून जवान मान खाली घालून उभे असतात, तेव्हा हजारो माणसं गप्प असतील तर त्या बिगुलाचा आवाज पार शिवारात जातो. माईकवाल्याला आज बोलावून समजावून सांगा. ऐन वेळी तो बटणाजवळ नसतो.

कृष्णाकाठ (प्रतिसाद)

नोव्हेंबर २०१५ मध्ये कर्नल संतोष महाडिकांना निरोप द्यायला पोगरवाडीला गेलो होतो. ते कुपवाड्यात लढताना गेले. आपल्या जिल्ह्यात हे दुःख जुनं आहे. अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं दिली, त्यातलं कुणी घरी आलं नाही. तुमच्या काकींपर्यंतही तेच चालत आलं. १९९९ च्या कारगिल युद्धापासून जवानाला घरी पाठवायची पद्धत पडली. म्हणून म्हणतो, पार्थिव घरात जाऊ द्या. मैदानावर लोक तासभर जास्त थांबतील, कुणी तक्रार करणार नाही. माईकवरून एकदाच सांगा: "आधी आई भेटतेय." बसतील सगळे खाली.

शाळामास्तरीण (प्रतिसाद)

शाळेतली मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी करणार असाल तर गाडी निरा ओलांडल्याचा फोन आल्यावरच वर्गातून काढा. गाडीला हमखास उशीर होतो, कारण वाटेवरची गावंही फुलं घेऊन थांबलेली असतात. आमच्या वेळी तीन तास उन्हात उभी होती, दोन मुली चक्कर येऊन पडल्या. कागदी झेंडे दिले तर ते परत गोळा करायला दोन शिक्षक पोती घेऊन मागे ठेवा. पायदळी एकही राहता कामा नये.

रानजाई (प्रतिसाद)

मी वीरपत्नी आहे. हा धागा वाचून लिहायला हात थरथरतोय, पण लिहिते.

माझ्या वेळी मला एक मिनिटसुद्धा मिळालं नाही. मला धरून मैदानावर नेलं, खुर्चीवर बसवलं, समोर कॅमेरे. मला पेटीवरचा हार तेवढा आठवतो. त्यांचे हात बघायचे राहून गेले. म्हणून तुमच्या काकी म्हणतात ते कराच, दादा.

दिवसभर तिच्या जवळ एकच बाई ठेवा. तिच्या माहेरची, बोलघेवडी नसलेली. पाणी, रुमाल, पायात चप्पल, इतकं बघणारी. त्या दिवशी मी अनवाणी चालले होते आणि रात्रीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लेकीला मैदानावर सारा वेळ ठेवू नका. घरात बापाला भेटू द्या, मग मावशीकडे द्या. चार वर्षांच्या पोरीने सॅल्यूट करावा म्हणून तिचा हात धरून वर नेतात, ते कुणाला करू देऊ नका. तिला वाटलं तर ती करेल.

आणि तुम्ही पुरुषमाणसाने विचारलं नाही, ते मीच सांगते. संध्याकाळी आळीतल्या बायका बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला येतील. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये हे बंद करायचा ठराव केला, मग शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तेच करायला सांगितलं. तुमच्या सरपंचांना आजच हे दाखवा. पण ठरावापेक्षा काकी बोलल्या तर जास्त चालेल. त्यांचा शब्द कोण मोडेल?

धागाकर्ता (दुसऱ्या रात्री)

सगळ्यांचे उपकार कसे फेडू. जेसीओ साहेबांशी बोललो. ते म्हणाले, "आधी घरच. मी स्वतः दाराशी उभा राहतो." रात्री बाज नेऊन पाहिली. दुसऱ्या वळणावर एका घराची दगडी पायरी आड येत होती. घरमालकाने कुदळ आणली आणि आमच्यादेखत पायरी उखडली. वडिलांना अग्नी मळ्यात द्यायचा होता आणि ग्रामपंचायतीला गायरानात. शेवटी मळाच ठरला. बांधावरची तूर कापून आठ-दहा जणांनी वाट केली.

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद मी काकींना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून आळीत गेल्या, घरोघरी. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

धागाकर्ता (चार दिवसांनी)

सावडणं झालं. जमेल तसं लिहितो.

गाडी साडेअकराला आली. वेशीपासून फुलं आणि "अमर रहे". चावडीपाशी आल्यावर आबांनी नुसता हात वर केला आणि आवाज थांबला. आठ जणांनी पेटी आत नेली. दार लागलं. जेसीओ साहेब उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे. बोळीच्या तोंडाशी अख्खं गाव उभं होतं आणि फक्त कौलावरच्या चिमण्यांचा आवाज येत होता. दहा मिनिटं मागितली होती, पंचवीस झाली. कुणी दार वाजवलं नाही. आमदार साहेबसुद्धा चावडीच्या पारावर थांबून राहिले, त्यांचे आभार मानायला हवेत.

तोंड बघता आलं. एवढंच लिहितो.

मळ्यात वडिलांनी भडाग्नी दिला. बिगुल वाजला तेव्हा माईक बंद होता. संध्याकाळी बांगड्या फोडायला कुणीही आलं नाही. सूनबाईच्या हातात हिरवा चुडा आहे तसाच आहे.

आणखी एक विचारायचं होतं, म्हणून परत आलो. पार्थिवावरचा तिरंगा सूनबाईकडे दिलाय. आमचं घर जुनं, भिंतींना पावसाळ्यात ओल येते, उंदीर-कसर आहे. तो कसा जपावा? प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा का?

पलटणवाला (प्रतिसाद)

प्लॅस्टिक नको, आत दमट राहतं. मऊ सुती कापडात गुंडाळा, लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवा. जमिनीला पेटी टेकवू नका, खाली विटा द्या. दिवाळीनंतर कोरड्या हवेत एकदा घडी मोडून सावलीत ठेवा आणि नवी घडी घाला, म्हणजे घडीवर विरत नाही.

धागाकर्ता

तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच काकींनी उत्तर दिलं. काल दुपारी त्यांनी माझ्याकडून काळी ट्रंक खाली काढून घेतली. माझ्या आठवणीत ती कधी आमच्यासमोर उघडली नव्हती. आत चुलत्यांचा लोकरीचा स्वेटर, जुन्या धोतरात गुंडाळलेला. एकाही जागी कसर नाही. घडीघडीत वेखंडाचे तुकडे. काकी म्हणाल्या, दर दसऱ्याला बदलते. मग त्यातलेच दोन तुकडे काढून त्यांनी सूनबाईच्या हातात ठेवले, आणि दोघींनी मिळून तिरंग्याची घडी घातली.